परत दिलेल्या वस्तूंचे पैसे आले नाहीत : आधी ते कुठे अडकले आहेत ते पाहा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका ताईंचा प्रश्न असा आहे. त्यांनी एका ऑनलाइन दुकानातून चार वस्तू एकाच ऑर्डरमध्ये मागवल्या : २,४०० रुपयांची साडी, १,२०० रुपयांचा कुर्ता, मुलाचे १,६०० रुपयांचे बूट आणि ८०० रुपयांची चादर. साडीचा रंग चित्रातल्यापेक्षा वेगळा निघाला, बूट लहान झाले, कुर्ता आवडला नाही. चादर ठेवून बाकीच्या तीन वस्तू त्यांनी १२ ऑगस्टला कंपनीच्या पिकअपवाल्याकडे दिल्या. कुर्त्याचे १,०८० रुपये आठवड्याभरात खात्यात आले. साडीपुढे ॲपमध्ये २४ ऑगस्टपासून ‘रिफंड पूर्ण’ असे दिसते, पण पासबुकात रक्कम नाही. बुटांपुढे अजूनही ‘तपासणी चालू’ असेच आहे. ग्राहक सेवेला फोन केला की दर वेळी ‘आणखी ४८ तास थांबा’ असे उत्तर मिळते. या गोष्टीला सात आठवडे झाले. ‘माझे ४,००० रुपये बुडाले असे समजायचे, की थेट ग्राहक आयोगात जायचे?’ असे त्या विचारतात.

ताई, या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही करता येते. मी अठरा वर्षे कोल्हापुरात ग्राहकांच्या तक्रारींचे वकिली काम करतो आणि या प्रकारची कागदपत्रे आता जवळजवळ दर आठवड्याला माझ्या टेबलावर येतात. त्यातली बहुतेक प्रकरणे लांबतात ती एकाच कारणाने. पैसे कुठे अडकले आहेत हे न पाहता माणूस चुकीच्या दारात हेलपाटे घालत राहतो.

परत केलेल्या वस्तूचे पैसे तीन नाके ओलांडून आपल्याकडे येतात. (आंदोलन करून टोल घालवणाऱ्या कोल्हापूरला नाक्याची भाषा वेगळी समजावून सांगायला नको.) पहिला नाका म्हणजे वस्तू कंपनीच्या किंवा विक्रेत्याच्या गोदामात पोहोचणे आणि त्यांनी ती स्वीकारणे. दुसरा म्हणजे कंपनीने परताव्याचा आदेश बँकेकडे पाठवणे. तिसरा म्हणजे ती रक्कम आपल्या खात्यावर जमा होणे. प्रत्येक नाक्यावरचा पुरावा निराळा असतो आणि जाब विचारायचा तोही निराळा असतो. आपली साडी तिसऱ्या नाक्यावर आहे आणि बूट पहिल्यावर आहेत. म्हणजे आपल्याकडे एक नव्हे, दोन तक्रारी आहेत. ग्राहक सेवेतील मुलगा दोन्हींना एकच उत्तर देतो आणि तेवढ्यावर आपली बोळवण होते.

पुढे जाण्याआधी रक्कम पक्की करू, कारण मागणीतला आकडा चुकला की समोरच्याला वेळ काढायला आयते निमित्त मिळते. आपण ४,००० रुपये म्हणता ते साडी आणि बूट यांच्या छापील किमती मिळवून. परंतु आपण सोबत दिलेल्या बिलाच्या फोटोत ६,००० रुपयांच्या ऑर्डरवर ६०० रुपयांचे कूपन वापरलेले दिसते. ही सवलत साधारणपणे सर्व वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. येथे ती दहा टक्के आहे, म्हणून साडीचे आपण प्रत्यक्षात २,१६० रुपये दिले आणि बुटांचे १,४४०. एकूण येणे ३,६०० रुपये. काही कंपन्यांच्या अटींत असे असते की परतीनंतर ऑर्डर ठरावीक रकमेच्या खाली गेली तर कूपनच रद्द होईल. तसे झाले तर ठेवलेल्या चादरीवरची ८० रुपयांची सवलतही कापली जाईल आणि येणे ३,५२० होईल. आपल्या बाबतीत मात्र कंपनीने कुर्त्याचे बरोबर १,०८० रुपये दिले आहेत, म्हणजे प्रमाणशीर वाटणीचा हिशेब तिने स्वतःच केला आहे. म्हणून ३,६०० ही मागणी ठामपणे करा आणि पत्रात हे गणित दोन ओळींत मांडा. घरपोच सेवेचे किंवा प्लॅटफॉर्मचे शुल्क परत मिळणे मात्र कंपनीच्या अटींवर आणि परतीच्या कारणावर अवलंबून असते. त्यासाठी मूळ मागणी अडवून ठेवू नका.

आता साडीकडे वळू. ‘रिफंड पूर्ण’ याचा कंपनीच्या भाषेतला अर्थ ‘आमच्या बाजूने पूर्ण’ एवढाच असतो. पहिल्यांदा पाहायचे ते हे की पैसे कोणत्या खात्यातून दिले होते. परतावा सामान्यतः ज्या साधनाने पैसे दिले त्याच साधनावर येतो, आणि घरात यूपीआय कधी यजमानांच्या फोनवरून, कधी मुलाच्या फोनवरून केलेले असते. आपल्या कुर्त्याचे पैसे आपल्याच खात्यात आले असल्याने ही शक्यता कमी आहे. दुसरी शक्यता अशी की परतीची मागणी नोंदवताना ‘लगेच रिफंड’ हा पर्याय दाबला गेला असेल आणि रक्कम त्या दुकानाच्या वॉलेटमध्ये जमा झाली असेल. माझ्याकडे आलेले एक निवृत्त शिक्षक चार महिने बँकेच्या शाखेत खेटे घालत होते. त्यांचा फोन हातात घेऊन मी त्या ॲपचे वॉलेट उघडले, तेव्हा संपूर्ण रक्कम तिथे निवांत पडलेली होती. रक्कम वॉलेटमध्ये सापडली आणि तो पर्याय आपण निवडलेला नसेल, तर ती मूळ खात्यावर वळवा अशी मागणी करता येते.

दोन्ही ठिकाणी रक्कम नसेल, तर कंपनीकडे एकच गोष्ट मागा : परताव्याचा संदर्भ क्रमांक. यूपीआयने पैसे दिले असतील तर तो बारा अंकी आरआरएन असतो, कार्डाने दिले असतील तर तेवीस अंकी एआरएन असतो. पुष्कळदा हा क्रमांक ॲपमध्येच ‘रिफंडचा तपशील’ उघडल्यावर दिसतो. तो मिळाला की फोन ठेवून द्या आणि बँकेत जा. शाखेत तोंडी चौकशी करू नका. साध्या कागदावर अर्ज द्या की अमुक क्रमांकाने २,१६० रुपयांची रक्कम २४ ऑगस्ट रोजी किंवा त्यानंतर माझ्या खात्यात जमा झाली आहे काय, हे लेखी कळवावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. ‘जमा नाही’ एवढे बँकेने लिहून दिले तरी आपली अर्धी लढाई झाली, कारण त्यानंतर ‘आम्ही पाठवले’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. आणि कंपनी क्रमांकच देऊ शकली नाही, तर पैसे दुसऱ्या नाक्याच्याही अलीकडे आहेत असे खुशाल समजा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा रक्कम येऊनही खात्याला लावली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र दुकानाने पैसेच पाठवले नसतील, तर त्यात बँकेचा दोष नाही आणि लोकपालाकडे जाऊन उपयोगही नाही.

आपण क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते, तर आणखी एक मार्ग होता. ‘वस्तू परत केली, रक्कम जमा झाली नाही’ या कारणाने कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवता येतो, ज्याला चार्जबॅक म्हणतात. त्याला मुदत असते. कार्डाच्या जाळ्यानुसार (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) ती साधारणपणे १२० दिवसांच्या आसपास असते, म्हणून कंपनीच्या ‘४८ तासां’वर विसंबून चार महिने घालवलेल्या माणसाच्या हातून हे हत्यार निघून जाते. ते उगारतानाही भान ठेवावे लागते. चार्जबॅक आणि परतावा दोन्ही आले, तर एक रक्कम परत जाणारच, आणि काही दुकाने असे वाद घालणाऱ्याचे खातेही गोठवतात. यूपीआयच्या ॲपमध्येही तक्रारीची सोय आहे, पण पैसे यशस्वीपणे दुकानाला पोहोचले असतील तर परताव्याच्या वादात ती फारशी पुढे जात नाही, असा माझा अनुभव आहे.

बुटांचे प्रकरण अधिक नाजूक आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. आपण लिहिता की पिकअपवाल्याने तिन्ही वस्तू एकाच मोठ्या पिशवीत घातल्या आणि मोबाइलवर एकच संदेश आला. गोंधळाचे मूळ नेहमी इथेच सापडते. तीन वस्तूंच्या परतीच्या तीन नोंदी असतात. पिकअपवाला घाईत एकच स्कॅन करतो किंवा एकाच क्रमांकाखाली सगळे नेतो, आणि गोदामात पिशवी उघडली की एक वस्तू नोंदीवाचून बाजूला पडते. क्वचित वस्तू वाटेतच नाहीशी होते, हेही खरे. दोन्ही परिस्थितींत आपली जबाबदारी कुठे संपली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचे उत्तर आपल्या बाजूचे आहे : कंपनीने पाठवलेल्या माणसाच्या हाती वस्तू दिली की आपले काम झाले. पुढचा प्रवास कंपनीच्या जोखमीवर.

जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते आणि वाहतूक बंद पडली होती. त्या पाण्याच्या आदल्या दिवशी एका गृहस्थांनी परत दिलेला मिक्सर मुदत उलटून गेल्यावर गोदामात पोहोचला आणि ‘परतीची मुदत संपली’ म्हणून दुकानाने पैसे नाकारले. त्यांच्या फोनवर पिकअपच्या दिवशीचा संदेश होता. तेवढ्या एका ओळीवर पुढे पूर्ण रक्कम मिळाली. तो संदेश त्यांनी जागा मोकळी करण्यासाठी पुसला असता, तर मलाही फार काही करता आले नसते.

म्हणून आपल्याकडे काय काय आहे ते आजच गोळा करा. पिकअपचा संदेश, त्या दिवशीचा ॲपमधील इतिहास, बॅग भरताना काढलेला एखादा फोटो, शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण असल्यास ते (सात आठवड्यांनंतर ते बहुधा पुसले गेले असेल, तरी विचारून पाहावे), आणि त्या वेळी घरात हजर असलेल्या व्यक्तीचे नाव. स्क्रीनशॉट घेताना तारीख आणि ऑर्डर क्रमांक दोन्ही एकाच चित्रात येतील असे पाहा. याखेरीज एक गोष्ट कंपनीकडून मागा, जी बहुतेकांना सुचत नाही : परतीच्या पार्सलचे कुरिअरने नोंदलेले वजन. साडी आणि कुर्ता मिळून किलोभराच्या आत बसतात. खोक्यासह बूट असतील तर वजन लपत नाही. कंपनीने ‘रिकामे खोके आले’ किंवा ‘दुसरीच वस्तू आली’ असे कळवले, तर तपासणीचे फोटो, तारीख आणि कारण लेखी मागा. ‘तपासणी चालू’ हा शब्दप्रयोग सात आठवडे चालू शकत नाही.

इथे कायद्याचे एक वाक्य स्पष्ट करणे गरजेचे आहे, कारण लोकांची अपेक्षा आणि कायदा यांत अंतर आहे. वस्तू चांगली असूनही आवडली नाही म्हणून परत करण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही. तो कंपनीच्या परतीच्या धोरणातून येतो. वस्तू सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर मात्र ई-वाणिज्याचे २०२० चे नियम विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देऊ देत नाहीत. आपल्या साडीला हा दुसरा आधार आहे, बुटांना पहिला. पण कंपनीने परतीची मागणी मान्य करून माणूस पाठवला आणि वस्तू नेली, की हा फरक मागे पडतो : कबूल केलेला परतावा न देणे ही सेवेतील त्रुटी आहे, आणि मान्य झालेल्या परताव्याची रक्कम वाजवी मुदतीत द्यावी असे त्याच नियमांत आहे.

आता तक्रार कोणाकडे करायची? ग्राहक सेवेचा क्रमांक सोडून द्या. त्याच नियमांनुसार प्रत्येक ई-वाणिज्य कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रार आल्यापासून ४८ तासांत त्याने पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे, असे बंधन आहे. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत हा पत्ता सापडतो. ‘आम्ही केवळ बाजारपेठ आहोत, विक्रेता वेगळा आहे’ हे उत्तर येणारच. त्यासाठी बिलावरील विक्रेत्याचे नाव व जीएसटी क्रमांक पाहून ईमेलमध्ये दोघांनाही उद्देशून लिहा. विक्रेत्याचा पत्ता ग्राहकाने लेखी मागितल्यास देणे बाजारपेठेवर बंधनकारक आहे.

हा पत्ता शोधताना एक खबरदारी घ्या. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन करू नका. अशा खोट्या क्रमांकांवर फोन करून, परतावा मिळेल या आशेने स्क्रीन दाखवणारे ॲप घेऊन, खाते रिकामे करून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. असे काही घडलेच, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे.

ईमेल लांबलचक नको. राग काढून टाका, तारखा ठेवा. साधारण असे लिहिता येईल : ‘अमुक ऑर्डरमधील तीन वस्तू मी १२ ऑगस्ट रोजी आपल्या प्रतिनिधीकडे परत दिल्या, पिकअपचा संदेश सोबत आहे. कुर्त्याचे १,०८० रुपये मिळाले. साडीचे २,१६० रुपये २४ ऑगस्ट रोजी दिल्याचे ॲपमध्ये दिसते, परंतु माझ्या खात्यात जमा नाहीत. बँकेचे पत्र सोबत आहे. कृपया परताव्याचा संदर्भ क्रमांक कळवावा, अन्यथा रक्कम पुन्हा पाठवावी. बुटांच्या परतीबाबत सात आठवड्यांत निर्णय कळवलेला नाही. पार्सलचे नोंदलेले वजन व तपासणीचा अहवाल द्यावा आणि १,४४० रुपये परत करावेत. पंधरा दिवसांत रक्कम न मिळाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार दाखल करीन.’ एवढे पुरे. बँकेचे पत्र येण्यास वेळ लागणार असेल, तर तूर्त खात्याचा उतारा जोडा.

पोच आली नाही किंवा महिना उलटला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकाने तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येते आणि ऑनलाइनही नोंद होते. ही हेल्पलाइन कोणाला हुकूम देऊ शकत नाही, ती कंपनीपर्यंत तक्रार पोहोचवून तडजोड घडवते. तरीही माझ्याकडे येणाऱ्या अशा लहान रकमांच्या प्रकरणांपैकी पुष्कळ या टप्प्यावर मिटतात, कारण तिथे तक्रार पाहणारा माणूस ग्राहक सेवेतला नसतो.

आणि न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहेच. कंपनीच्या अटींत बंगळूर किंवा गुरुग्राममधील न्यायालयांचा उल्लेख असला, तरी घाबरू नका. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, म्हणजे आपल्याला कोल्हापुरातच दाखल करता येईल. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते, वकील लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हे मी लपवत नाही. मानसिक त्रासापोटी लाखाची मागणी करण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानू नका. ३,६०० रुपयांच्या वादात मूळ रक्कम, व्याज, थोडी भरपाई आणि खर्च एवढी मागणी आयोगाला पटते. आधी नोटीस पाठवणे कायद्याने सक्तीचे नाही, पण मी ती पाठवतोच. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, म्हणून नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

हे सगळे घरच्या वापरासाठी केलेल्या खरेदीला लागू आहे. कोल्हापूरजवळच्या गांधीनगर बाजारपेठेत दुकान असलेल्या व्यापाऱ्याने विकण्यासाठी माल मागवला असेल, तर तो सहसा या कायद्याच्या अर्थाने ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेपुरता छोटा व्यवसाय करणाऱ्याला अपवाद आहे, पण तो मुद्दा सिद्ध करावा लागतो.

क्रमाने सांगायचे तर उद्या वॉलेट तपासून आरआरएन मिळवा, त्याच दिवशी बँकेत अर्ज द्या, आठवड्याच्या आत तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवा, आणि महिना संपला की १९१५. ईमेल गेल्यावर बहुधा साडीचे पैसे आधी येतील, आणि त्यासोबत ‘आपली तक्रार निकाली काढत आहोत’ असा संदेश येईल. त्याला त्याच दिवशी उत्तर द्या : ‘साडीचे २,१६० रुपये मिळाले. बुटांचे १,४४० रुपये येणे बाकी असल्याने तक्रार चालू ठेवावी.’